रुग्णाशी संवाद : शब्दांनी आणि शब्दांवाचून (नव्या परिचारिका व परिचारकांसाठी मार्गदर्शन)

इंजेक्शन कसे द्यावे, सलाईन कशी लावावी, ड्रेसिंग करताना निर्जंतुक साहित्याला कुठे हात लागू द्यायचा नाही, हे सगळे प्रशिक्षणात एकेक पायरी करून शिकवले जाते आणि परीक्षेत करूनही घेतले जाते. रुग्णाशी बोलण्याचा विषय आला की मात्र तो बहुतेक वेळा "नम्रपणे बोला, हसतमुख राहा" एवढ्यावर आटोपतो. त्यामुळे वॉर्डात नव्याने आलेली व्यक्ती संवाद हा स्वभावाचा गुण समजते आणि बोलक्या माणसाला तो जमतो, अबोल माणसाला जमत नाही, असे धरून चालते. वॉर्डात काम केल्यावर माझी खात्री झाली आहे की हे खरे नाही. अबोल स्वभावाच्या कितीतरी परिचारिका उत्तम संवाद साधतात, कारण त्या नीट पाहतात, पुरते ऐकून घेतात आणि त्यांचे शब्द, चेहरा व हात एकच गोष्ट सांगत असतात. ही एकवाक्यता सरावाने येते, आणि तिच्या पायऱ्या सांगता येतात. त्या कुणी सलग सांगितल्या असत्या तर सुरुवातीचा गोंधळ बराच टळला असता, म्हणून हा लेख.

हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच शुश्रूषेचा गाभा असल्याची मांडणी केली आणि ओळखीपासून निरोपापर्यंत हे नाते टप्प्याटप्प्याने कसे घडते ते दाखवले. त्या मांडणीचा व्यवहारातला अर्थ असा, की बोलणे हे उपचारांच्या मधल्या मोकळ्या वेळेत करायचे काम नाही, तर तोही शुश्रूषेचाच भाग आहे.

एक गैरसमज आधीच दूर करते. "संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो" हे वाक्य तुम्हाला अनेक व्याख्यानांत ऐकू येईल. ते आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांवरून उचललेले आहे. त्या प्रयोगांचा विषय फक्त भावना आणि पसंती-नापसंती एवढाच होता. शब्द एक सांगत असतील आणि आवाज किंवा चेहरा दुसरेच सांगत असेल, तर ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढेच त्यांत तपासले होते. सर्व प्रकारच्या संवादाला तो आकडा लावणे चूक आहे. औषधाचा डोस, ऑपरेशनपूर्वी उपाशी राहण्याची वेळ, ॲलर्जी या गोष्टी नेमक्या शब्दांतच सांगाव्या आणि विचाराव्या लागतात. मात्र त्या प्रयोगांतून आपल्या कामाचे एक सूत्र मिळते : भावनेच्या बाबतीत शब्द आणि शरीर यांत विसंगती दिसली की रुग्ण शरीरावर विश्वास ठेवतो.

जवळ काय असावे

केसपेपर आणि औषधांचा तक्ता, खिशात पेन आणि कोरा कागद, स्वच्छ व वाचता येईल असे नावाचे ओळखपत्र, तुमच्या वॉर्डात वापरली जाणारी वेदनामापनाची पट्टी, बोलू न शकणाऱ्या रुग्णासाठी चित्रांचा किंवा अक्षरांचा तक्ता, आणि दुभाषा लागल्यास कुणाला फोन करायचा त्याची माहिती. रुग्णाचा चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र यांची गणनाही मी साधनांतच करते. ती उशाजवळच्या कपाटात पडून असतील, तर तुमचे उत्तम बोलणेही पोहोचत नाही.

१. खाटेजवळ जाण्यापूर्वी

केसपेपरवर निदान आणि औषधे सगळेच वाचतात. तुम्ही त्याबरोबर आणखी काही गोष्टी शोधा : रुग्णाला कोणती भाषा येते, ऐकू कमी येते का, कोणत्या कानाने बरे येते, शरीराची कोणती बाजू कमजोर आहे, बोलण्यास किंवा हालचालीस मनाई आहे का, आजाराची माहिती नातेवाइकांपैकी कुणाला द्यावी असे रुग्णाने सांगितले आहे, आणि निदान रुग्णाला स्वतःला सांगितले गेले आहे का. या शेवटच्या मुद्द्याकडे फार दुर्लक्ष होते. डॉक्टरांनी अजून न सांगितलेली गोष्ट परिचारिकेच्या तोंडून ओझरती निघणे, हा रुग्णावर मोठा अन्याय आहे.

त्यानंतर दाराशी किंवा पडद्याशी क्षणभर थांबून रुग्णाकडे पाहा. तुम्ही आल्याचे कळण्यापूर्वी माणूस जसा पडलेला असतो, तशी स्थिती पुन्हा दिसत नाही, कारण तुम्हाला पाहताच तो सावरून बसतो. श्वास उथळ आहे का, एक पाय पोटाशी घेतला आहे का, पाण्याचा पेला हाताला येईल एवढ्या अंतरावर आहे का, हे तेवढ्यात टिपता येते.

२. ओळख द्या, ओळख पटवा

ब्रिटनमधील डॉक्टर केट ग्रेंजर स्वतः कर्करोगाने आजारी असताना रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा आपल्यावर उपचार करणारे अनेक जण स्वतःचे नावही सांगत नाहीत हे त्यांना जाणवले. २०१३ मध्ये त्यांनी "नमस्कार, माझे नाव अमुक" एवढ्याच वाक्याची मोहीम सुरू केली आणि ती अनेक देशांत पोहोचली. त्या वाक्याला तीन गोष्टी जोडा : तुमचे काम काय, आता काय करणार आहात, आणि त्याला साधारण किती वेळ लागेल. "नमस्कार, माझे नाव सुनीता. आज दुपारपर्यंत तुमची काळजी घेणारी परिचारिका मी आहे. आता तुमचे बीपी पाहते आणि जखमेची पट्टी बदलते. साधारण पंधरा मिनिटे लागतील. चालेल ना?" हा शेवटचा प्रश्न मनापासून विचारलेला असावा, म्हणजे उत्तरासाठी थांबायला हवे. बीपी मोजण्याचा पट्टा (कफ) आधीच दंडाला गुंडाळून झाल्यावर विचारलेल्या "चालेल ना" ला अर्थ उरत नाही.

ओळख पटवताना "तुम्ही अमुकच ना?" असे कधीही विचारू नका. ग्लानीत असलेला, कमी ऐकू येणारा किंवा भिडस्त माणूस कोणत्याही नावाला मान हलवतो. "तुमचे पूर्ण नाव सांगा", "जन्मतारीख सांगा" असे विचारा आणि ते मनगटावरील पट्टीशी व केसपेपरशी ताडून पाहा. निदान दोन खुणा जुळल्याखेरीज औषध, रक्त किंवा तपासणीचा नमुना यांना हात लावू नये. खाटेचा क्रमांक ही ओळखीची खूण नव्हे.

हाक कशी मारायची तेही रुग्णालाच विचारा. वयस्कर माणसाला सरसकट आजी किंवा काका म्हणणे काहींना आपुलकीचे वाटते, तर काहींना त्यामुळे आपले नाव आणि आयुष्यभराची ओळख हिरावल्यासारखे वाटते. एकेरीत बोलणे आणि लहान मुलाशी बोलावे तसा लाडिक सूर लावणे मात्र कुणाही प्रौढाशी करू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांशी अशा सुरात बोलले, की ते आंघोळ, कपडे बदलणे यांसारख्या कामांना अधिक विरोध करतात, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

३. अंतर, उंची आणि बसण्याची जागा

मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६० च्या दशकात माणसामाणसांतील अंतराचे टप्पे मांडले. साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंतचे अंतर अगदी जवळच्या माणसांसाठी, तिथून सुमारे १.२ मीटरपर्यंतचे परिचितांसाठी, आणि त्यापुढचे व्यवहारापुरत्या ओळखीसाठी. त्यांची निरीक्षणे अमेरिकेतील होती आणि ही मापे समाजागणिक बदलतात, हे त्यांनीच सांगितले होते. तरी आपल्या कामाचे वेगळेपण त्यातून स्पष्ट होते : आपण पहिल्याच भेटीत, पुरती ओळख होण्याआधी, रुग्णाच्या सर्वांत आतल्या वर्तुळात शिरतो. म्हणून आत शिरण्यापूर्वी सांगणे आणि विचारणे हे औपचारिकता म्हणून नव्हे, तर गरज म्हणून करायचे. पडदा ओढा, जेवढा भाग उघडा करणे आवश्यक आहे तेवढाच करा, आणि काम होताच झाकून टाका.

शक्य असेल तेव्हा बसा. आडव्या पडलेल्या माणसाला उभी असलेली व्यक्ती खालून वर पाहावी लागते. मान दुखते आणि मनावर दडपणही येते. रुग्णाला मान वळवावी लागणार नाही अशा जागी, त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात बसावे, ही सूचना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लिहून ठेवली होती. खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजत बोलू नये, कारण रुग्ण ती कुजबुज ऐकण्यासाठी जिवाचा कान करतो, हेही त्यांनीच बजावले होते. दोन मिनिटे बसून बोललात, तर तेवढाच वेळ उभ्याने बोलल्यापेक्षा तुम्ही अधिक वेळ दिलात असे रुग्णाला वाटते. अंग रुग्णाकडे वळलेले, हात मोकळे, किंचित पुढे झुकलेली पाठ आणि मधूनमधून नजरेला नजर, एवढे पुरे आहे. एकटक पाहत राहू नका. काहींना, विशेषतः शरीराच्या खासगी भागांविषयी बोलताना, नजर बाजूला वळवलेली अधिक सोयीची असते.

४. प्रश्न विचारा आणि थांबा

१९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात, असे आढळले होते. वॉर्डातली आपली घाई पाहता परिचारिकांनीही हा आकडा ध्यानात ठेवावा. सुरुवात मोकळ्या प्रश्नाने करा : "रात्र कशी गेली?" "दुखण्याबद्दल सांगा." मग नेमकेपणासाठी बंद प्रश्न विचारा : "आता दुखते आहे का?" "लघवीला जळजळ होते का?" हा क्रम उलटा केला, की रुग्ण हो-नाहीच्या चाकोरीत अडकतो आणि तुम्ही न विचारलेली महत्त्वाची गोष्ट सांगायचीच राहून जाते.

एका वेळी एकच प्रश्न विचारा. "दुखतंय का, मळमळतंय का, झोप झाली का?" याला आलेले "हो" नेमके कशाला आहे, हे कुणालाच कळत नाही. "का" ने सुरू होणारे प्रश्नही जपून वापरा. "गोळी का नाही घेतली?" हा जाब वाटतो, "गोळी घेताना काय अडचण आली?" असे विचारले, तर खरे कारण बाहेर येते.

नव्या परिचारिकांना सर्वांत जड जाते ती शांतता. प्रश्न विचारल्यावर रुग्ण गप्प राहिला की आपण ती जागा लगेच शब्दांनी भरतो. तसे करू नका. भीती, लाज किंवा मृत्यूविषयीचा विचार शब्दांत आणायला माणसाला वेळ लागतो. तुम्ही शांत बसून राहिलात, हातातला कागद खाली ठेवलात, तर पुष्कळदा त्या शांततेनंतर आलेले वाक्यच त्या दिवसाच्या नोंदीतले सर्वांत महत्त्वाचे ठरते.

५. रुग्णाचे शरीर वाचा, पण अर्थ विचारून घ्या

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त भर देते, कारण वॉर्डात रुग्णांचे सर्वांत ठरलेले उत्तर "ठीक आहे" हे असते. पोटाचे ऑपरेशन झालेल्या एका वृद्ध गृहस्थांचे उदाहरण सांगते. प्रत्येक फेरीला ते "काही त्रास नाही" असेच सांगत. पण कुशीवर वळायला सांगितले, की त्यांचा हात खाटेच्या कठड्यावर जाई, बोटांची पेरे पांढरी पडत, आणि वळून होईपर्यंत श्वास रोखलेला असे. खोकायला सांगितले तर फक्त घसा साफ केल्यासारखा आवाज काढत. "दुखत नाही म्हणता, पण वळताना तुम्ही श्वास धरून ठेवता असे दिसले. तेव्हा काय होते?" असे विचारल्यावर त्यांनी हळूच सांगितले, की टाके तुटतील अशी भीती वाटते आणि वेदनेचे औषध मागितले तर सवय लागेल असेही वाटते. त्यावर करण्यासारखे बरेच होते : वेदनेविषयी डॉक्टरांना कळवणे, सवयीची भीती घालवणे, उशी पोटाशी घट्ट धरून खोकायला शिकवणे. ऑपरेशननंतर उथळ श्वास आणि दाबलेला खोकला यांतून फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो, म्हणजे कठड्यावरची ती घट्ट मूठ नजरेतून सुटली असती, तर त्याची किंमत त्यांच्या छातीने मोजली असती.

येथे पद्धत अशी : जे दिसले ते सांगा, अर्थ लावू नका, आणि अर्थ रुग्णाला विचारा. "तुम्ही घाबरलेले आहात" हा निष्कर्ष झाला, "तुमचे हात थरथरताना दिसताहेत, काय होते आहे?" हा प्रश्न झाला. थरथर भीतीची असेल, थंडीची असेल, किंवा रक्तातील साखर उतरल्याचीही असेल. निर्विकार चेहरा म्हणजे उदासीनता असे समजू नका. पार्किन्सनच्या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि आत भावना असूनही चेहऱ्यावर उमटत नाही. दुसरीकडे, अचानक आलेली बेचैनी, पांघरूण ओढणे, खाटेवरून उतरण्याची धडपड याला "त्रास देतो" म्हणण्यापूर्वी ऑक्सिजन, तुंबलेली लघवी, वेदना, ताप आणि साखर तपासा. आणि नेहमी बोलणारा रुग्ण एकाएकी गप्प, सुस्त झाला असेल, तर तो "शांत झाला" असे म्हणू नका; मेंदूच्या तात्पुरत्या गोंधळाचा हा सुस्त प्रकार गडबडीच्या प्रकारापेक्षा अधिक वेळा नजरेतून सुटतो.

वेदनेसाठी प्रमाणित पट्ट्या वापरा. मार्गो मॅककॅफरी यांनी १९६८ मध्ये मांडलेले तत्त्व असे, की वेदना म्हणजे अनुभवणारी व्यक्ती सांगेल ती. म्हणून जो सांगू शकतो त्याला ० ते १० च्या पट्टीवर आकडा विचारा आणि तो मान्य करा; हसत मोबाइल पाहणाऱ्या माणसाने ८ सांगितले म्हणून तो खोटे बोलतो असे ठरवू नका. सांगू न शकणाऱ्यांसाठी निरीक्षणाच्या पट्ट्या आहेत. लहान मुलांसाठीच्या फ्लॅक पट्टीत चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटते का, अशा पाच गोष्टींना ० ते २ गुण देतात. स्मृतिभ्रंश बळावलेल्यांसाठी पेनॅड, आणि आयसीयूतील व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी सीपॉट. कोणतीही पट्टी वापरा, पण आराम पडलेल्या स्थितीत आणि हालचाल करताना अशी दोन्ही वेळा वापरा.

६. तुमचे शरीर रुग्ण वाचत असतो

जखम उघडताच भुवई वर गेली, दुर्गंधीने नाक आक्रसले, मॉनिटरकडे पाहून तुम्ही सहकाऱ्याकडे कटाक्ष टाकला, तर रुग्णाने ते पाहिलेले असते. स्टोमा (मल किंवा मूत्र बाहेर पडण्यासाठी ऑपरेशनने पोटावर केलेले तोंड), भाजलेला चेहरा, काढून टाकलेला स्तन यांकडे प्रथम पाहणारी व्यक्ती पुष्कळदा परिचारिका असते, आणि आपल्या नव्या शरीराकडे लोक कसे पाहणार याचा अंदाज रुग्ण तिच्या चेहऱ्यावरून बांधतो. म्हणून अवघड ड्रेसिंगपूर्वी काय दिसणार ते जाणून घ्या, श्वास सावरा, आणि काम करताना एकेक पायरी सांगत जा : "आता पट्टी सोडवते आहे, थोडे ओढल्यासारखे वाटेल." बोलत राहिल्याने तुमचा चेहराही स्थिर राहतो.

घड्याळाकडे पाहू नका. वेळ कमी असेल तर तसे सांगा. "आता मला पाच मिनिटे आहेत, तेवढ्यात सर्वांत त्रासदायक काय ते सांगा, बाकीचे ऐकायला जेवणानंतर येते" हे प्रामाणिक वाक्य दाराकडे वळलेल्या पावलांपेक्षा कितीतरी बरे. मात्र जेवणानंतर जायलाच हवे. संगणकावर नोंद करायची असेल, तर "हे लिहून घेते" असे सांगून मगच पडद्याकडे वळा. मास्क घातलेला असताना अर्धा चेहरा झाकलेला असतो, तेव्हा वेग कमी करा आणि डोळे व मानेच्या हालचालीवर अधिक भर द्या.

स्पर्शाचे दोन प्रकार ध्यानात ठेवा. नाडी पाहणे, कूस बदलणे हा कामाचा स्पर्श. खांद्यावर किंवा हातावर ठेवलेला हात हा धीराचा स्पर्श. पहिला अटळ असला, तरी सांगून करायचा. दुसरा फक्त स्वीकारला जातो आहे असे दिसले तरच करायचा : हातावर हात ठेवल्यावर रुग्णाने हात किंचित जरी मागे घेतला, तरी तुम्हीही मागे घ्या. पूर्वी अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला अनपेक्षित स्पर्श धीर देत नाही, भीती देतो. आणि केवळ कामाचाच स्पर्श दिवसभर अनुभवणाऱ्या, एकट्या पडलेल्या माणसाला कधी कधी त्या दुसऱ्या स्पर्शाची फार गरज असते.

७. खोटा धीर देऊ नका

"काही होणार नाही", "काळजी करू नका", "सगळे ठीक होईल" ही वाक्ये सदिच्छेने बोलली जातात, तरी ती संवादाचे दार बंद करतात. रुग्ण म्हणतो, "मी यातून वाचेन ना?" आणि आपण म्हणतो, "असे बोलू नये." त्यानंतर तो आपल्याशी तो विषय पुन्हा काढत नाही, भीती तशीच राहते आणि ती एकट्याने वाहायची असते. त्याऐवजी : "तुमच्या मनात हे येते आहे तर. कशामुळे आज हे वाटले?" मग ऐका. ज्याचे उत्तर तुमच्याकडे नाही त्याबद्दल तसे सांगा, आणि डॉक्टरांशी बोलणे कधी होईल याची व्यवस्था करा. दुःखद बातमी सांगण्यासाठी २००० मध्ये प्रसिद्ध झालेली स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे : योग्य जागा, रुग्णाला काय माहीत आहे ते विचारणे, किती जाणून घ्यायचे आहे ते विचारणे, माहिती देणे, भावनांना जागा देणे, आणि पुढची दिशा ठरवणे. ती बातमी सांगणे सहसा डॉक्टरांचे काम असले, तरी ते निघून गेल्यावर तिथे उरणारी व्यक्ती तुम्हीच असता, म्हणून शक्य असेल तर त्या वेळी हजर राहा आणि नेमके कोणते शब्द वापरले गेले ते ऐकून ठेवा.

८. बोलणे किंवा ऐकणे अवघड असेल तेव्हा

*कमी ऐकू येत असल्यास* ओरडू नका. वयोमानाच्या बहिरेपणात वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, आणि ओरडल्याने आवाज चढतो व शब्द फाटतात. चेहऱ्यावर उजेड पडेल असे समोर बसा, टीव्ही बंद करा, खालच्या पट्टीत आणि संथ बोला. वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगा.

*पक्षाघातानंतर वाचा गेली असल्यास* बुद्धी गेली असे समजू नका. काहींना सगळे कळते पण शब्द सापडत नाहीत. काही अस्खलित बोलतात पण त्याचा अर्थ लागत नाही आणि त्यांना आपले बोलणेही नीट कळत नाही. छोटी वाक्ये, एका वेळी एक मुद्दा, वस्तू दाखवणे, आणि उत्तरासाठी भरपूर वेळ. वाक्य तुम्हीच पुरे करून टाकण्याचा मोह आवरा. हो-नाहीवर विसंबण्यापूर्वी ज्यांची उत्तरे उघड आहेत असे प्रश्न विचारून ती खरी येतात का ते पडताळा.

*घशात नळी असल्यास* रुग्ण जागा असेल तर लिहिण्याची पाटी, अक्षरतक्ता, किंवा पापणी एकदा मिटली तर हो आणि दोनदा मिटली तर नाही, अशी खूण ठरवा आणि ती खूण खाटेवर लिहून लावा, म्हणजे पुढच्या पाळीला नव्याने सुरुवात करावी लागत नाही. बेशुद्ध रुग्णाशीही प्रत्येक कामापूर्वी बोला, आणि त्याच्या खाटेपाशी असे काहीही बोलू नका जे त्याने ऐकलेले तुम्हाला चालणार नाही.

*भाषा वेगळी असल्यास* प्रशिक्षित दुभाष्याची मागणी करा. नातेवाईक काही गोष्टी गाळतात, काही मऊ करतात. लहान मुलांना तर आईवडिलांच्या आजाराचे भाषांतर करायला कधीच लावू नये. दुभाषा असला तरी तुमची नजर आणि तुमचे वाक्य रुग्णाकडेच असावे : "त्यांना विचारा" असे नव्हे, तर "तुम्हाला कधीपासून दुखते?"

९. समजले का, हे "समजले का?" ने कळत नाही

त्या प्रश्नाला जवळजवळ सगळेच हो म्हणतात. घरी सोडताना इन्सुलिन, ड्रेसिंग, गोळ्यांच्या वेळा सांगून झाल्यावर म्हणा : "मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे. घरी गेल्यावर हे कसे कराल ते मला सांगाल का?" यात परीक्षा तुमच्या सांगण्याची असते, रुग्णाची नाही, आणि तसे वाटणे महत्त्वाचे आहे. एका वेळी दोन-तीन मुद्देच द्या. हाताने करायचे काम असेल तर करून दाखवायला सांगा.

१०. नातेवाईक चिडलेले असतील तेव्हा

रागामागे बहुधा भीती किंवा माहिती न मिळणे असते. वॉर्डाच्या मध्यात उत्तर देऊ नका; बाजूला न्या, बसवा, पूर्ण ऐका, आवाज खालीच ठेवा. तुमच्या आणि बाहेरच्या दाराच्या मध्ये कुणी उभे राहणार नाही अशी जागा निवडा. धमकी किंवा हात उगारला जात असेल तर संवादकौशल्य आजमावत बसू नका, मदत बोलवा. आणि रुग्णाने संमती दिलेली नसेल, तर कितीही जवळचा नातेवाईक असला तरी तपशील सांगता येणार नाही, हे शांतपणे सांगा.

११. डॉक्टरांना फोन आणि पाळीचा हँडओव्हर

फोन करण्यापूर्वी केसपेपर, शेवटच्या नोंदी आणि औषधांचा तक्ता समोर ठेवा. फोनवर, आणि पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेकडे रुग्ण सोपवतानाही (हँडओव्हर), एसबार पद्धत वापरा. तिचा उगम अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतील संवादपद्धतीत आहे आणि नंतर ती रुग्णालयांत आली. चार भाग असे : आत्ता काय घडते आहे, पार्श्वभूमी काय, माझे निरीक्षण काय, आणि मला काय हवे आहे. "पेशंट बरा वाटत नाही" याऐवजी : "खाट सातवरील रुग्ण, काल आतड्याचे ऑपरेशन. तासाभरापूर्वी बीपी १२० वर होते, आता ९० आहे. नाडी १२४, पोट ताठ. रक्तस्राव असावा अशी मला शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन पाहावे." चौथा भाग नवी माणसे संकोचाने गाळतात. तो गाळू नका.

तोंडी मिळालेला आदेश लिहून घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवा. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आकडे फोनवर सहज एकमेकांत मिसळतात, म्हणून आकडा सांगितल्यावर त्याचे अंकही सुटे सांगा : "एकोणसत्तर, सहा-नऊ." औषधाचे नाव अक्षरे सुटी करून पडताळा.

१२. नोंद

संवाद नोंदवला नाही तर पुढच्या पाळीसाठी तो झालेलाच नसतो. नोंदीत तुमचे मत नको, दिसलेले आणि ऐकलेले हवे. "रुग्ण चिडखोर, सहकार्य करत नाही" हे लिहिल्याने पुढची परिचारिका त्या खाटेकडे जाण्याआधीच पूर्वग्रह बाळगते. त्याऐवजी : "सकाळी १० वाजता कूस बदलण्यास नकार. 'रात्री वळवताना फार दुखले' असे म्हणाले. वेदना आरामात ३, हालचालीत ८. डॉक्टरांना कळवले, १०.२० ला वेदनाशामक दिले. ११ वाजता हालचालीत ४, स्वतः वळले." रुग्णाचे महत्त्वाचे वाक्य त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहा. ठरवलेल्या खुणा, हाक मारण्याचे नाव, बऱ्या ऐकू येणाऱ्या कानाची बाजू, दुभाष्याची गरज आणि कोणत्या नातेवाइकाला काय सांगितले आहे, हेही त्याच नोंदीत वेळ व सहीसह यायला हवे.